चौथी बाजू

टेबलावर सात वस्तू होत्या. शाईची दौत, टाक, पितळेची हातघंटी, काचेचा पेपरवेट, अर्जांची फाईल, पांढऱ्या नाडीत ओवलेली एक किल्ली आणि आखलेला एक फुलस्केप कागद. टेबलाच्या पलीकडे दोन खुर्च्या, अलीकडे एक. उजव्या भिंतीशी काचेच्या दारांचं कपाट. त्याला फळ्या चार आणि पुस्तकं वरून खाली त्रेसष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट, एकोणपन्नास. एकूण दोनशे एकतीस. शाळा-समितीचे अध्यक्ष हरिहर वकील तिचा अर्ज वाचत होते तेवढ्या वेळात शकुनने ही मोजदाद दोनदा केली आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. मोजल्याने मन ठिकाणावर येतं हे तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं होतं. एकोणीसशे त्रेसष्ट सालचा जून, दुपारचे अडीच. अकोल्याचं ऊन वाळ्याच्या तट्ट्यांमधून गाळून आत येत होतं आणि तरी घोटभर पाणी प्यावंसं वाटावं इतकं खोलीभर पसरलं होतं. ती सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून आली होती. मुलींच्या हायस्कुलाला सायन्सची शिक्षिका हवी होती. तशा जागा वऱ्हाडात त्या वर्षी आणखीही होत्या, अमरावतीतच दोन होत्या. पण या शाळेच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ होती, 'ग्रंथालयाची जबाबदारी घेण्याची तयारी असणाऱ्यांस प्राधान्य'. ती ओळ तिने कात्रीने कापून आपल्या वहीत ठेवली होती. ती आली होती ती त्या ओळीसाठी.

सहा वस्तू पाहून झाल्यावर नजर सातव्या वस्तूवर गेली. कागद मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंसमोर होता, त्यांच्याकडे तोंड करून. त्यावर त्यांच्या तिरप्या, नीटनेटक्या अक्षरात दोन नावं होती, आणि पहिल्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पदवी चांगली. सायन्स द्यावे. घरी वाचनाचे वळण नाही. ग्रंथालय देऊ नये.' दुसऱ्या नावापुढे: 'घरी ग्रंथसंग्रह. ग्रंथालय द्यावे.' शकुनने तो मुद्दाम वाचला नाही. डोळे उघडे असताना समोरचा माणूस दिसतो तसा तो तिला दिसला. आधी अर्थ पोचला, आणि मग आपण काहीतरी वाचलं हे ध्यानात आलं. शाई पूर्ण वाळलेली होती. म्हणजे शेरा ती आत येण्याच्या आधीच लिहिला गेला होता. दुसरं नाव विमलचं. ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, मघाशी तिने आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी शकुनलाही दिलं होतं. भली मुलगी होती. तिच्यावर राग धरायलाही जागा नव्हती.

घरी वाचनाचे वळण नाही. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते कुठेतरी कपड्यात राहिलेल्या कुसळासारखं टोचत होतं. अर्जात वडिलांचा व्यवसाय तिनेच लिहिला होता, 'बागाईत व भाजीपाला विक्री'. अमरावतीला वडाळीच्या बाजूला पंजाबरावांचा मळा. मेथी, पालक, वांगी आणि बांधाने झेंडू. घरात छापलेली वस्तू म्हणजे एक पंचांग आणि बियाण्यांच्या पुड्या. आई, तानुबाई, सही म्हणून अंगठा उठवायची आणि तोही टापटिपीने, कागदाच्या मधोमध. शाळेत घातलं तेव्हा शकुनचं काम ठरलेलं होतं: पहाटे आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधायच्या, त्या डोक्यावरून इतवाऱ्याच्या बाजारात पोचवायच्या, मग तिथूनच हातपाय धुऊन अंबागेटच्या आतल्या शाळेत पळायचं. पळून पळून ती रोज घंटेनंतर पोचायची. वर्गात पोरं बत्तीस आणि वाचनाची पुस्तकं आठ. देवराव गुरुजींनी याचा हिशेब फार सोपा लावला होता. टाटपट्टीवर एक पुस्तक उघडून ठेवायचं आणि चारी बाजूंनी चौघांनी बसायचं. ज्याचं पुस्तक तो सुलट्या बाजूला. तो मोठ्याने वाचणार. त्याच्यानंतर जे आले ते डाव्या नि उजव्या बाजूला, मान वाकडी करून. शेवटी येईल त्याला चौथी बाजू, उलटी. पुस्तक कोणी कोणासाठी फिरवायचं नाही, असा नियम होता, कारण एकदा फिरवाफिरवीत एका पुस्तकाच्या चिंध्या झाल्या होत्या. शकुनच्या गटातलं पुस्तक होतं रमाचं, मोरोपंत वकिलांच्या मुलीचं. रमा सुलट्या बाजूला मांडी घालून बसायची, आणि तिच्या बरोबर समोर, पुस्तकाच्या डोक्याशी, बाजाराचा वास अंगावर घेऊन शकुन. पहिलीपासून चौथीपर्यंत चार वर्षं. तिने दुसरी बाजू पाहिलीच नव्हती.

आता त्या टेबलाशी बसून, कागदावरच्या तिरप्या अक्षरांकडे पाहताना, तिला पहिल्यांदाच नीट उमगलं की आपण जे वाचायला शिकलो ते रमा जे शिकली ते नव्हतंच. रमाच्या बाजूने अक्षरं रेघेला लोंबत होती. मांडवाला पडवळ लोंबतात तशी. शकुनच्या बाजूने रेघ खाली असायची आणि अक्षरं तिच्यातून वर आलेली असायची, वाफ्याच्या वरंब्यावर मेथी उगवून येते तशी; काना सरळ वर, वेलांटी मुळाशी वळलेली, उकार शेंड्याला. रोज सकाळी वरंबे पाहून आलेल्या पोरीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ओळी उजवीकडून डावीकडे जात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, गोष्ट तिच्याजवळून निघून लांब लांब जात असे. रमाच्या बाबतीत उलट. पानाच्या टोकाशी सुरू झालेली गोष्ट ओळीओळीने रमाच्या मांडीत येऊन पडायची. रमा नुसती बसून राहिली तरी चालत होतं. शकुनला मात्र गोष्टीच्या मागे जावं लागे. ती पुढे वाकायची, कोपरांवर यायची. रमाचा आवाज हळू होता, जोडाक्षराला अडखळणारा, आणि शकुनचे डोळे त्या आवाजाच्या तीन ओळी पुढे पळत असत. पान संपायच्या वेळी तिच्याजवळ तीन ओळींचा वेळ शिल्लक राही. या शिल्लक वेळात करण्यासारखं काही नसे. पान उलटायचा हक्क रमाचा. मग ती पुढच्या पानावर काय असेल ते ठरवायची. कोल्ह्याचं काय झालं असेल, राजाने काय विचारलं असेल. त्यातच रमाच्या उजव्या हाताचा अंगठा, पान उलटायला तयार, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर पक्का बसलेला असे. ते दोन शब्द शकुनने चार वर्षांत कधी पाहिले नाहीत. ते तिने स्वतः घातले. पुढे कॉलेजात कोणतंही पुस्तक वाचताना पानाच्या तळाशी आलं की तिचे डोळे आपोआप थांबायचे, दोन शब्द आधी मनात यायचे आणि मग छापलेले. जुळले तर बरं वाटायचं, नाही जुळले तर त्याहून बरं. कोणी विचारलं असतं, तुला पुस्तकं कावून एवढी आवडतात, तर तिने सांगितलं असतं, त्या अंगठ्यामुळे.

हरिहर वकील म्हणाले, अर्ज उत्तम आहे, भौतिकशास्त्राचे मार्क पाहून त्यांना संतोष वाटला. नववी-दहावीचं सायन्स. प्रश्न दोन-तीनच होते, तिने उत्तरं दिली. प्रमोदिनीबाईंनी राहायची सोय विचारली. सगळं सौम्य, सुरळीत चाललं होतं. एका मिनिटात ते उठून हात जोडतील आणि तिला नोकरी मिळालेली असेल. कपाटाची किल्ली मात्र पांढऱ्या नाडीसकट बाहेरच्या बाकावर जाईल. गप्प बसायचं की बोलायचं? तिने वाचलं होतं ते तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत शिकवलं होतं की निरीक्षण झालं असेल तर ते वहीत आलंच पाहिजे, गैरसोयीचं असलं तरी. पण हे निरीक्षण सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावल्याची कबुली देणं. तिच्या कानशिलांशी गरम झालं. आणि त्या गरमपणाची ओळख तिला एकदम पटली. हीच जागा, हाच ताप, अकरा वर्षांपूर्वीचा.

चौथीत असताना डिप्टीसाहेब तपासणीला आले होते. जाड काचांचा चष्मा, खाकी टोपी. त्यांनी नेमकं शकुनला उभं केलं आणि रमाचं पुस्तक तिच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच अख्खं पुस्तक तिच्या एकटीच्या हातात आलं होतं. तिने ते घेतलं, पुस्तकाचं डोकं खाली करून नीट धरलं आणि वाचायला लागली. घडाघडा, न अडखळता, जोडाक्षरांसकट. पानाच्या शेवटी अंगठा नव्हता, तिथे दोन नवे शब्द दिसले आणि ते तिने जास्तच मोठ्याने वाचले. वर्ग हसत होता. पोरं का हसतात ते तिला कळेना. डिप्टीसाहेबांनी पुस्तक काढून घेतलं, सुलटं केलं, मिटलं. म्हणाले, पोरगी घोकून आली आहे, पुस्तक कसं धरायचं तेसुद्धा ठाऊक नाही. साहेबांपुढे कधी मान वर न करणारे देवराव गुरुजी पुढे झाले. म्हणाले, "साहेब, दुसरं पान तुमीच काढा अन् पाहा." पण साहेबांना मोर्शीची मोटार गाठायची होती. त्यांनी पुस्तिकेत शेरा लिहिला: 'वाचन नाही, केवळ पाठांतर.' तोही शकुनने समोर उभं राहून, टाक पुढे सरकत असतानाच वाचला.

ती घरी येऊन रडली नाही. विहिरीवर पाय धुता धुता आईला सगळं सांगितलं. तानुबाई मेथीची माती झटकत होती. तिने हात थांबवला नाही.

"त्या सायबाले उलटं वाचता येते का?"

"नाई."

"मंग त्यानं तुले तपासलं कसं?"

तानुबाईने जुडीला सुतळी घातली आणि दुसरी उचलली. घरी वाचनाचं वळण नव्हतं. पण हे होतं. शकुनला पुढे बी.एस्सी.च्या तीन वर्षांत प्रयोगाच्या पद्धतीबद्दल जे जे सांगितलं गेलं त्यातलं कोणतंही वाक्य या वाक्याहून धड वाटलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच उशिरा पोचली तेव्हा गुरुजींनी आठही पुस्तकं उलटी ठेवायला लावली होती. सगळ्या वर्गाने प्रयत्न केला. रमा तर दोन ओळींत रडकुंडीला आली. मग गुरुजींनी पुस्तक हळूहळू फिरवत शकुनकडून वाचून घेतलं. उलटं, मग आडवं, मग सुलटं. सुलट्या बाजूने पहिल्यांदा अक्षरं पाहिली तेव्हा तिला ती बिचारी वाटली, पाय वर करून टांगलेली. पण ओळखीची होती. संध्याकाळपर्यंत तीही जमली. गुरुजी चांदूर रेल्वेचे, कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. छडी बगलेत धरून ते म्हणाले, "यायले एकच पुस्तक येते. तुले दोन येतात." त्या दिवसापासून हे वाक्य तिच्याजवळ होतं. दुसऱ्या मुलींकडे सोन्याचे डूल असतात तसं. चारचौघांत ती पुस्तक सुलटं धरून वाचायला शिकली, पण एकटी असली आणि पुस्तक मनासारखं निघालं की अजूनही ते फिरवून घ्यायची. मग ओळी पायाशी उगवायच्या आणि गोष्ट लांब लांब जायला लागायची.

"ठीक तर," हरिहर वकील फाईल मिटत म्हणाले, "सायन्सचं नक्की समजा. ग्रंथालयाचं आम्ही जरा वेगळं ठरवतो आहोत."

"हो," शकुन म्हणाली. "ते मी वाचलं."

प्रमोदिनीबाईंनी वर पाहिलं. त्यांचा हात आपोआप कागदावर आला. वकिलांना आधी कळलंच नाही, मग कळलं आणि त्यांच्या भुवया चढल्या. दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का, असं त्यांनी विचारलं. कोर्टात विचारतात त्याच सुरात.

"समोर असेल ते वाचायची आहे, साहेब. माझी सगळी प्राथमिक शाळा पुस्तकाच्या त्याच बाजूला झाली." तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर निघाला. "बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. घरी पुस्तक नव्हतं. शाळेतही माझ्या बाजूला नव्हतं, दुसऱ्या बाजूला होतं. म्हणून मला ग्रंथालय हवं आहे."

मग तिने चार जणांची ती टाटपट्टी थोडक्यात सांगितली. सांगताना तिला कुठेही लाज वाटली नाही, उलट आपण एखाद्या उपकरणाची रचना समजावून सांगत आहोत असं वाटलं. वकील खुर्चीत मागे रेलून हसले. बोलायला चतुर आहात, म्हणाले. शेरा काय, बाईंचा चेहरा पाहूनही ओळखता येईल, त्याला वाचणं म्हणत नाहीत. प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्या कपाटाकडे पाहत होत्या. शकुननेही पाहिलं आणि मघाच्या मोजणीत निसटलेली एक गोष्ट आता तिच्या लक्षात आली: तळच्या फळीवरची अकरा पुस्तकं डोक्यावर उभी होती. मोजताना तिला ती वेगळी दिसलीच नव्हती.

"गेल्या वर्षी यातली किती पुस्तकं मुलींच्या घरी गेली?" तिने विचारलं.

प्रमोदिनीबाईंनी खरं उत्तर दिलं. एकही नाही. चौदा गेली, ती शिक्षिकांकडे. मुली फाडतील अशी भीती. मुली एकशे ऐंशी, पुस्तकं दोनशेच्या वर. कोणाला द्यायचं नि कोणाला नाही हा तंटा नको म्हणून कुलूप.

"मी एक पुस्तक चौघींना देईन. तासाला, जमिनीवर."

"आणि उलट्या बाजूला कोण बसणार?"

"जी उशिरा येईल ती."

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण वकिलांना पुरावा हवा होता, आणि शकुनच्या मनात तानुबाईचं वाक्य जागं झालं होतं. मोजून पाहा, ती म्हणाली. दोन पानं, दोन्ही आधी न पाहिलेली, कोणती ते तुम्ही ठरवा. एक सुलटं, एक उलटं, प्रत्येकी एक मिनिट, मोठ्याने. वकिलांच्या खिशातल्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता, भिंतीवरचं बंद होतं. शकुनने शिपाई देवमन याच्याकडून हातभर लांब नव्हे तर चांगली तीन हात सुतळी मागून घेतली, टेबलावरची किल्ली तिच्या टोकाला बांधली आणि कोपऱ्यात उभी असलेली नवी मीटरपट्टी लावून वरच्या गाठीपासून किल्लीच्या मध्यापर्यंत नव्व्याण्णव सेंटिमीटर मोजले. दुसरं टोक खिडकीच्या गजाला. किल्ली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते तो एक सेकंद, साठ झोके झाले की बाईंनी घंटी वाजवायची. देवमन दारात उभा राहून म्हणाला, "काय करून राहिले बाप्पा हे!" कोणी त्याला जा म्हटलं नाही.

वकिलांनी तळच्या फळीवरून, डोक्यावर उभ्या असलेल्यांतलं एक जाड पुस्तक काढलं. पानं अजून कापलेलीही नव्हती. त्यांनी पट्टीच्या कडेने दोन जोडपानं मोकळी केली. पहिलं पान तिच्याकडे तोंड करून ठेवलं. बाईंनी किल्ली सोडली. शकुन वाचू लागली. तीनच ओळी झाल्या असतील, वकिलांनी हात वर केला. शब्द बरोबर आहेत की नाहीत हे त्यांना त्यांच्या बाजूने समजत नव्हतं. त्यांनी मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, चष्मा काढून पुसला, आणि शेवटी, साठीच्या पुढचे, शाळा-समितीचे अध्यक्ष, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. शकुनने मागे पाहिलं नाही. आईने हे पाहायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं. नवं पान काढून पुन्हा सुरुवात झाली. किल्ली येत-जात होती. घंटी वाजली तिथे वकिलांनी पेन्सिलीने खूण केली.

मग ते आपल्या जागेवर गेले आणि दुसरं पान त्यांनी स्वतःच्या समोर, सुलटं, उजव्या हाताने पक्कं धरून ठेवलं. शकुनने खुर्ची पुढे ओढली, कोपरं टेबलावर टेकली. रेघा खाली होत्या, अक्षरं वर आलेली होती. पहिली ओळ तिच्या बोटांजवळ होती आणि बाकीच्या एकामागून एक पलीकडे, एका प्रतिष्ठित माणसाच्या काळ्या कोटापर्यंत गेलेल्या. कागदाला बंद कपाटाचा वास होता. ती निघाली. आवाज कुठून तरी तिच्या मागून येत होता आणि डोळे तीन ओळी पुढे होते. वकिलांचं बोट शब्दाखालून सरकत होतं आणि मागे पडत होतं. दोन वेळा ते बोट थांबलं, चूक सापडली असावी म्हणून, आणि पुन्हा धावलं. पानाच्या अगदी टोकाशी त्यांचा अंगठा होता, जाड, शाईचा डाग पडलेला, शेवटच्या दोन शब्दांवर. तिथे पोचल्यावर ती थांबली नाही. अंगठ्याखालचे दोन शब्द तिने वाचले. वकिलांनी अंगठा उचलून पाहिलं. घंटी वाजली.

देवमन दारातून हलला नाही. वकील पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजत होते. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी पुस्तक बाईंकडे सरकवलं आणि बाईंनी पुन्हा मोजले. प्रमोदिनीबाई उठून खिडकीशी गेल्या, झोके घेणारी किल्ली त्यांनी मुठीत धरून थांबवली, सुतळी सोडली आणि परत येऊन किल्ली टेबलावर ठेवली. अलीकडे, शकुनच्या बाजूला. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला, शेऱ्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि त्याखाली, तिरप्या, नीटनेटक्या अक्षरात, हात आडवा न धरता लिहायला सुरुवात केली. शकुन समोरून वाचत गेली.

सुलटे: शब्द ११४, चूक १.

उलटे: शब्द ११९, चूक नाही.